ड्रायव्हरच्या नावावर कंपनी : कॅनडातील ट्रकधंद्याचा एक हिशेब

कॅनडात ट्रक चालवायला गेलेल्या तरुणाला नोकरी मागताना अनेक ठिकाणी पहिला प्रश्न असा विचारला जातो : "तुझी कंपनी आहे का?" नसेल तर काढून ये, मग गाडी देतो, असे सांगितले जाते. या कंपनीत ट्रक नसतो, गॅरेज नसते, ऑफिस नसते. सरकारदरबारी फी भरून नोंदवलेली, बहुधा नावाऐवजी नुसत्या क्रमांकाने ओळखली जाणारी ती एक कागदी कंपनी असते. तिचा मालक तोच, डायरेक्टर तोच आणि एकमेव कामगारही तोच. केंद्र सरकारकडे ऑनलाइन नोंदणीची फी अवघी २०० डॉलर. ट्रक मात्र ट्रान्सपोर्ट कंपनीचा, डिझेल तिचे, विमा तिचा, माल तिचा आणि कुठे जायचे हा हुकूमही तिचाच.

तिकडे या पद्धतीला "ड्रायव्हर इंक." असे नाव पडले आहे. "इंक." हे तिकडच्या कंपनीच्या नावामागे लागणारे शेपूट होय, आपल्याकडे "प्रा. लि." लागते तसे. टोरांटोजवळची ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा ही गावे आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सरे, येथे ट्रकच्या धंद्यात हिंदुस्थानातून गेलेले लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यात पंजाबी सर्वात जास्त, पण आता आपल्या भागातील मुलेही तिकडे पोहोचत आहेत. भिवंडी, मालेगाव, कोकण येथून कॅनडात गेलेल्या मुलांचे वडील आमच्या वाचकांत असतील. मुलगा फोनवर सांगतो, "अब्बा, मी नोकर नाही, माझी स्वतःची कंपनी आहे", तेव्हा बापाची छाती फुगणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या कंपनीचा जमाखर्च एकदा मांडावा असे आम्हास वाटले.

आपल्या समाजात नोकरीपेक्षा धंद्याला मान आहे आणि तो असावाच. चार लूम टाकून बसलेला माणूस स्वतःला गिरणीतल्या बाबूपेक्षा मोठा समजतो, त्यात गैर काही नाही. या मानाच्या भावनेचाच उपयोग करून घेऊन ड्रायव्हरला ही योजना गळी उतरवली जाते. त्याला तीन गोष्टी सांगितल्या जातात. पगारातून काही कापले जाणार नाही, पूर्ण रक्कम हातात पडेल. कंपनीला कर कमी लागतो. आणि फोन, जेवण, घराचे भाडे, सगळे खर्चात दाखवता येईल. यातील पहिली गोष्ट खरी आहे. बाकीच्या दोन कशा आहेत ते पुढे पाहू.

पूर्ण रक्कम हातात पडते म्हणजे काय होते?

तिकडे पगारी कामगाराच्या वेतनातून मालकाने तीन गोष्टी कापून सरकारकडे भरायच्या असतात. आयकर, कॅनडा पेन्शन प्लॅनचा हप्ता आणि बेकारी विम्याचा हप्ता. पेन्शनमध्ये जितके कामगाराचे कापले जाते तितकेच मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे असते. २०२३ पासून हा दर दोघांचा प्रत्येकी ५.९५ टक्के आहे, आणि वर्षाच्या पहिल्या ३,५०० डॉलरवर तो लागत नाही. बेकारी विम्यात तर मालकाला कामगाराच्या १.४ पट भरावे लागते. २०२५ साली कामगाराचा दर शंभर डॉलरला १ डॉलर ६४ सेंट होता. याशिवाय सुरुवातीच्या वर्षांत वेतनाच्या ४ टक्के रजेचा पगार, वर्षाला १० सरकारी सुट्ट्या, आजारपणाची १० दिवसांपर्यंत भरपगारी रजा, आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला आठवड्याच्या ६० तासांनंतर ओव्हरटाइम. कामावर इजा झाली तर भरपाई देणाऱ्या प्रांतिक मंडळाचा हप्ताही मालकाच्याच माथी.

ड्रायव्हरने कंपनी काढली की यातले काहीही उरत नाही. तो पगार घेत नाही, बिल देतो. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला पैसे दिले, एवढाच व्यवहार कागदावर राहतो. आपल्याकडे कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस कापण्याची पद्धत आहे, त्यामुळे निदान सरकारला व्यवहाराचा पत्ता लागतो. कॅनडात तशी कपात नाही. देणाऱ्याने वर्षाअखेर "टी-फोर-ए" नावाच्या पत्रकात कोणाला किती दिले ते कळवायचे असते. पण ट्रकच्या धंद्यात हे पत्रक न भरणाऱ्याला दंड न करण्याची सवलत कर खात्याने अनेक वर्षे चालू ठेवली होती. दार उघडे राहिले आणि वारा आत आला, असा हा प्रकार झाला.

आता एक ढोबळ हिशेब करून पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, दर मात्र खरे आहेत. समजा, एका ड्रायव्हरचे वर्षाचे वेतन ६३,५०० डॉलर आहे. तो पगारी असेल तर मालकाला वेतनावर आणखी एवढे भरावे लागेल : पेन्शन ३,५७०, बेकारी विमा सुमारे १,४५८, रजेचा पगार २,५४०. एकूण ७,५६८ डॉलर. इजा भरपाईचा हप्ता, सुट्ट्या आणि ओव्हरटाइम यात धरलेलेच नाहीत. मालकाने ड्रायव्हरला सांगितले की कंपनी काढ, मी तुला वर्षाला अडीच हजार जास्त देतो. ड्रायव्हर खूश झाला. मालकाच्या गल्ल्यात ५,०६८ डॉलर शिल्लक राहिले. अशा ५० ड्रायव्हरांचे झाले अडीच लाख डॉलरहून अधिक. व्यापारी माणसाला एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही.

ड्रायव्हरची बाजू पाहू. त्याच्या कंपनीने ६६,००० डॉलरचे बिल केले. नियमाप्रमाणे चालायचे म्हणून त्याने ती रक्कम स्वतःला पगार म्हणून घेतली, तर पेन्शनचे दोन्ही हिस्से, मालकाचा आणि कामगाराचा, त्यालाच भरावे लागतील. ते सात हजार डॉलरच्या आसपास जातात. बेकारी विम्याचा त्याचा हजारभर डॉलरचा हप्ता वाचला खरा. पण तो वाचला कारण तो विमाच त्याला मिळत नाही. स्वतःच्या कंपनीत ४० टक्क्यांहून अधिक मतांचे शेअर असणाऱ्याची नोकरी त्या विम्यात धरलीच जात नाही. सगळे वजा करून आयकरापूर्वी त्याच्या हातात जे राहते ते पगारी ड्रायव्हरपेक्षा वर्षाला दोन हजारांहून जास्त डॉलरनी कमी भरते. त्यातून अकाउंटंटची फी अजून द्यायची आहे.

मग लोक याला फायदा का म्हणतात? कारण फारच थोडे लोक असा पगार घेतात. बहुतेकांना सल्ला मिळतो तो दुसराच.

कर खात्याचा चष्मा

सल्ला असा असतो की पैसे कंपनीतच ठेव, छोट्या कंपनीचा कमी दर लागेल, मग लाभांश म्हणून हवे तेव्हा काढ. छोट्या कंपनीला केंद्राचा दर ९ टक्के आहे हे खरे. पण ड्रायव्हरची कंपनी त्या सवलतीत बसत नाही. कॅनडाच्या आयकर कायद्यात "पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस" नावाचा एक वर्ग आहे. कर खाते एकच प्रश्न विचारते : मध्ये ही कंपनी नसती तर हा माणूस त्या ट्रान्सपोर्टवाल्याचा नोकर ठरला असता काय? उत्तर होय असेल, तर ती कंपनी या वर्गात गेली. वर्षभर पाचांहून अधिक पूर्णवेळ कामगार असतील तर सूट आहे, पण एकट्या ड्रायव्हरकडे ते कुठून येणार?

या वर्गाला छोट्या धंद्याची सवलत नाही, मोठ्या कंपन्यांना मिळणारी सर्वसाधारण सूटही नाही, आणि वर ५ टक्के जादा कर आहे. केंद्राचा दर ३३ टक्के होतो. प्रांताचा कर त्याहून वेगळा. म्हणजे ६६,००० डॉलर कंपनीत ठेवले, तर ज्याला ५,९४० डॉलर केंद्रीय कर वाटत होता त्याला २१,७८० भरावे लागतील. फरक १५,८४० डॉलरचा. तो लगेच लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षांनी तपासणीत येतो आणि तेव्हा व्याज सोबत घेऊन येतो. खर्चाचेही तसेच. या वर्गातील कंपनीला त्या माणसाचा पगार व त्याच्याशी जोडलेले लाभ, आणि आणखी मोजक्या बाबी, एवढेच खर्चात घालता येते. फोन, जेवण, घराचा कोपरा, मोटारगाडी हे सर्व उडते.

यात आम्हास सर्वात जास्त खटकलेली गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. आयकर कायद्याचा हा फटका ड्रायव्हरच्या कंपनीला बसतो, ट्रान्सपोर्ट कंपनीला नव्हे. युक्ती ज्याने काढली, अट ज्याने घातली, बचत ज्याने खिशात टाकली, तो या कलमात सापडतच नाही. तो म्हणतो, माझ्यासमोर कंपनीचे बिल आले, मी कंपनीला पैसे दिले. कर वाचवण्याची हुशारी करणाऱ्या सल्लागारांसाठी केलेले कलम शेवटी ब्रॅम्प्टनच्या तळघरात भाड्याने राहणाऱ्या ड्रायव्हरच्या मानेवर येऊन पडले.

जीएसटीची अमानत

बारा महिन्यांत ३०,००० डॉलरच्या वर बिल गेले की कंपनीला जीएसटीची नोंदणी करावी लागते. ऑन्टॅरिओ प्रांतात केंद्र व प्रांत मिळून हा कर १३ टक्के आहे. ६६,००० डॉलरच्या बिलावर ८,५८० डॉलर होतात. ट्रान्सपोर्टवाला ते देतो आणि स्वतःच्या कर भरण्यातून वळते करून घेतो, त्याचे काही जात नाही. ड्रायव्हरच्या खात्यात मात्र ही रक्कम येऊन पडते आणि कमाईसारखी दिसते. घरी पैसे पाठवायचे असतात, गाडीचा हप्ता असतो, बहिणीचे लग्न असते. रक्कम खर्च होते. ही सरकारची अमानत आहे आणि तिच्या बाबतीत कंपनीच्या "मर्यादित जबाबदारी"चा पडदा चालत नाही. कंपनीने भरले नाही तर डायरेक्टरला व्यक्तिशः जबाबदार धरता येते. आपल्याकडे जीएसटी आल्यापासून ज्या छोट्या व्यापाऱ्यांनी गोळा केलेला कर भांडवलात फिरवला आणि नोटीस आल्यावर धावपळ केली, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

ज्याचा हिशेब डॉलरमध्ये होत नाही

बर्फात घसरून ट्रकखाली पाय सापडला, तर पगारी ड्रायव्हरला प्रांताच्या मंडळाकडून उपचार व वेतनाची भरपाई मिळते. ऑन्टॅरिओत एकट्याच्या कंपनीच्या डायरेक्टरला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. वेगळा अर्ज करून, हप्ता स्वतः भरून ते घ्यावे लागते. किती जण घेतात? माल कमी झाला आणि घरी बसावे लागले, तर बेकारी भत्ता नाही. लाभांशच घेत राहिला तर पेन्शनमध्ये एक डॉलरही जमा होत नाही, कारण पेन्शन पगारावर मोजली जाते. पंचविसाव्या वर्षी कोणी पेन्शनचा विचार करत नाही, हे आम्ही जाणतो. यंत्रमागावर चाळीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला साठीत विचारून पाहा.

पैसे बुडाले तर? पगारी माणूस सरकारच्या कामगार खात्याकडे तक्रार करू शकतो, खाते निरीक्षक पाठवते. कंपनीच्या नावाने बिल देणाऱ्याला ट्रान्सपोर्टवाला ऐकवतो की तुझे-माझे नाते व्यापाराचे आहे, कोर्टात जा. शेवटच्या दोन-तीन ट्रिपांचे पैसे अडकवून ठेवणे हा तिकडे नेहमीचा प्रकार झाला आहे. ब्रॅम्प्टनमध्ये "नौजवान सपोर्ट नेटवर्क" नावाची, पंजाबी विद्यार्थी व कामगारांनी उभी केलेली संघटना अशा बुडालेल्या पैशांसाठी मालकांच्या दारात जाऊन निदर्शने करते. त्यांच्या मागे येणाऱ्यांत ट्रक ड्रायव्हरही आहेत.

आणि सर्वात मोठी गोष्ट कायम वास्तव्याची. ज्यासाठी घरचे दागिने गहाण पडले, ती. तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्या तरुणांपैकी पुष्कळांचा भरवसा "कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास"वर असतो. त्यात गेल्या तीन वर्षांत निदान एक वर्षाचा तिकडचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. स्वयंरोजगारातील अनुभव या वर्गात मोजला जात नाही. म्हणजे वर्षभर रात्री जागून विनिपेगपर्यंत फेऱ्या मारलेला मुलगा अर्ज करायला बसतो, तेव्हा त्याच्या हाती नोकरीचे पत्र नसते, पगाराची "टी-फोर" पावती नसते, असतात ती स्वतःच्याच कंपनीची बिले. ज्याच्या कामाच्या परवान्यावर एका विशिष्ट मालकाचे नाव छापलेले आहे, त्याने पगाराऐवजी बिले दिली तर परवान्याच्या अटींचाच प्रश्न उभा राहतो. दर मैलाला दोन सेंट जास्त मिळावेत म्हणून एवढी मोठी गोष्ट पणाला लावली जाते, आणि अनेकांना ती पणाला लागली आहे हेही ठाऊक नसते.

खरा ट्रकमालक कोणता?

येथे एक गैरसमज होऊ नये. कॅनडात स्वतःचा ट्रक घेऊन मोठ्या कंपनीकडे लावणारे हजारो लोक आहेत. त्यांना "ओनर-ऑपरेटर" म्हणतात. ट्रकचे कर्ज त्यांचे, डिझेल त्यांचे, टायर त्यांचे. भाव पटला नाही तर दुसरीकडे गाडी लावतात, दुसरा ट्रक घेऊन त्यावर ड्रायव्हर ठेवतात. नफा त्यांचा, तोटाही त्यांचा. त्यांनी कंपनी काढणे हा रीतसर व्यापार होय. आपल्याकडे ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी लावणारा मालक असतो तसाच हा प्रकार. मोठ्या कंपनीशीच कायम बांधलेल्या ओनर-ऑपरेटरच्या दर्जावरून तिकडेही वाद होतात, पण तो निराळा विषय.

फरक ओळखण्याची कसोटी तिकडच्या न्यायालयांनी फार पूर्वी घालून दिली आहे. १९४७ साली माँट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने चार गोष्टी पाहिल्या : ताबा कोणाचा, अवजारे कोणाची, नफ्याची संधी कोणाला आणि तोट्याची जोखीम कोणावर. १९८६ साली वीब डोअर आणि २००१ साली सगाझ इंडस्ट्रीज या निकालांनी हीच दिशा पक्की केली. करारावर काय लिहिले आहे त्यापेक्षा प्रत्यक्षात काय चालते ते पाहायचे. या कसोटीवर ड्रायव्हर इंक. उभे करा. दहा लाखांचा माल वाहून नेला तरी ड्रायव्हरला मैलाचेच पैसे. भाव ठरवण्याचा हक्क नाही, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची मुभा नाही, अवजार म्हणजे हातमोजे आणि बॅटरी.

आपल्या देशातही न्यायालयाने हा पडदा बाजूला सारला आहे. १९७८ साली कालिकतच्या हुसेनभाई यांच्या दोरखंडाच्या कारखान्याचे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले होते. मालकाचे म्हणणे असे की हे कामगार ठेकेदाराचे, आमचे नव्हेत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला तो थोडक्यात असा, की कामगाराची रोजी ज्याच्या धंद्यावर खऱ्या अर्थाने अवलंबून आहे तोच मालक, मध्ये ठेकेदारांची कितीही साखळी असो. यंत्रमागाच्या धंद्यात आम्ही हयात घालवली आहे. जुन्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगारांची मर्यादा होती, आणि एकाच छपराखालचे लूम भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटून ती मर्यादा कशी चुकवली जाई, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. ड्रायव्हर इंक. ऐकून आपल्यापैकी कोणी फार चकित होईल असे नाही. फरक एवढाच की आपल्याकडे कागदावरचा मालक निदान घरचा असे, येथे कामगारालाच कागदावरचा मालक बनवले आहे.

हा प्रकार एकट्या कॅनडाचाही नव्हे. ब्रिटनमध्ये अशा एकखांबी कंपन्यांसाठी "आयआर-३५" नावाचा नियम २००० सालापासून आहे. तो आधी कंपनीवाल्या कामगारावरच रोखलेला होता. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातही तपासण्याची जबाबदारी मध्यम व मोठ्या काम देणाऱ्यांवर टाकण्यात आली, आणि लॉरी ड्रायव्हरांत त्याची बरीच खळबळ झाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२० पासून कडक कायदा आणला. ट्रकवाल्यांनी त्यावर मिळवलेली स्थगिती २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्यावर संपली.

कॅनडाने काय केले

गंमत अशी की या पद्धतीविरुद्ध सर्वात मोठ्याने ओरडणाऱ्यांत कॅनेडियन ट्रकिंग अलायन्स ही ट्रान्सपोर्ट मालकांचीच संघटना आहे. कारण उघड आहे. वर दाखवलेले साडेसात हजार डॉलर जो इमानदारीने भरतो, त्याचे भाडे न भरणाऱ्याच्या भाड्यापुढे टिकत नाही. माल पाठवणारा व्यापारी दोन कोटेशन समोर ठेवतो आणि स्वस्त ते उचलतो. आम्हीही तेच करतो. भिवंडीहून गाठी पाठवताना बिल्टीचा भाव विचारतो, ड्रायव्हरला काय मिळते ते विचारत नाही.

प्रांताच्या किंवा देशाच्या सीमा ओलांडणारे ट्रक केंद्राच्या कामगार कायद्याखाली येतात, प्रांतातल्या प्रांतात फिरणारे प्रांताच्या कायद्याखाली. केंद्राच्या कायद्यात १ जानेवारी २०२१ पासून कामगाराला कामगार न म्हणण्यास मनाई झाली आणि उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर आला. जून २०२४ मध्ये आणखी पुढे जाऊन असे ठरले की मोबदला घेऊन काम करणारा माणूस कामगारच आहे असे आधी गृहीत धरायचे. नाही असे ज्याला म्हणायचे असेल त्याने पुरावा द्यावा. ध्यानात घ्या, येथे दोन खात्यांची नजर वेगवेगळी आहे. कामगार खाते कागदी कंपनीच्या पलीकडे पाहून ड्रायव्हरला कामगार म्हणू शकते आणि मालकाकडून वसुली करू शकते. कर खाते कंपनीला कंपनीच मानते, पण तिला महाग वर्गात टाकते. एकच माणूस एका खिडकीवर कामगार आणि दुसऱ्या खिडकीवर कंपनी.

४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ट्रकच्या धंद्यातील या प्रकारासाठी कर खात्याला चार वर्षांत ७ कोटी ७० लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव आला, आणि "टी-फोर-ए" पत्रकाच्या दंडाची जुनी सवलत उठवण्याचेही जाहीर झाले. याचा अर्थ असा की कोणत्या ड्रायव्हरच्या कंपनीला किती दिले याची यादी ट्रान्सपोर्टवाल्याकडूनच सरकारच्या हाती जाणार. आजवर जे दिसत नव्हते ते दिसू लागेल, आणि पहिल्यांदा दिसेल तो ड्रायव्हर.

ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी

कामाची बोलणी चालू असतानाच मुलाने विचारावे की वर्षाअखेर "टी-फोर" मिळेल काय. हा एक प्रश्न पुरेसा आहे. मिळेल म्हटले तर तो पगारी माणूस. नाही, बिल द्यावे लागेल म्हटले, तर पुढे विचारावे : ट्रक कोणाचा, विमा कोणाचा, माल नाकारला गेला तर दंड कोणाला, मी दोन आठवडे दुसऱ्याकडे काम केले तर चालेल काय. उत्तरे ऐकून धंदा आहे की नोकरी ते व्यापाऱ्याच्या पोराला तरी कळावे. कंपनी काढून देणारा अकाउंटंट ट्रान्सपोर्टवाल्यानेच सुचवलेला असेल तर दुसऱ्या अकाउंटंटकडे एकदा कागद दाखवून घ्यावेत. फी जाईल, पण तो कोणाच्या बाजूने बोलतो याची शंका राहणार नाही.

ज्यांनी कंपनी आधीच काढली आहे त्यांनी घाबरून ती तशीच सोडून देऊ नये. जीएसटीची राहिलेली विवरणपत्रे प्रथम भरावीत. कंपनीतील रक्कम लाभांशाऐवजी पगार म्हणून घेतल्यास ३३ टक्क्यांचा प्रश्न पुष्कळ कमी होतो, कारण असा पगार या वर्गातही खर्चात धरला जातो, आणि पेन्शनही जमा होते. गाडी कुठे न्यायची याचे ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवलेले मेसेज, लॉगबुक, ट्रिपांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. कामगार खात्यापुढे हुकूम कोणाचा होता हे त्यावरूनच ठरते. मागील वर्षांत चूक झाली असेल, तर कर खात्याने बोलावण्यापूर्वी आपण होऊन माहिती देण्याची सोय आहे. त्यात दंड व व्याज यात सवलत मिळू शकते, मूळ कर मात्र भरावाच लागतो. आणि काम सोडल्यावर कंपनी बंद करायची असेल, तर शेवटचे विवरणपत्र भरून, जीएसटीचे खाते बंद करून, रीतसर विसर्जनाचा अर्ज द्यावा. ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडले म्हणून कंपनी आपोआप बंद होत नाही. तिची विवरणपत्रे दरवर्षी मागितली जातच राहतात.